ग्रामसभेत प्रार्थना कोणी म्हणायची? माझं मत: खुर्चीवरून कोणीच नाही

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत सांगतो. तुम्ही पहिल्यांदाच पंच, म्हणजे पंचायतीच्या सदस्य झालात, भजनी मंडळात गाता, आवाज चांगला आहे, म्हणून सरपंच म्हणाले की यापुढे दर ग्रामसभेची सुरुवात प्रार्थनेने करू आणि ती माईकवर तुम्हीच म्हणा. एकदा म्हटलीत, लोक उभे राहिले, आणि मग वाड्यावरच्या एका निवृत्त मास्तरांनी पंचायतीला लेखी पत्र दिलं की सरकारी सभेत हे बसत नाही. आता एक गट म्हणतो मास्तर नास्तिक, सोडून द्या, दुसरा म्हणतो मग फादरना पण बोलवा, तिसरा म्हणतो मौलवी का नको, आणि तुम्ही विचारताय की कायदा काय आहे आणि पुढच्या ग्रामसभेत मी नक्की करू काय.

मी गोव्यात पंचायत सचिव म्हणून निवृत्त झालो. बार्देश, सासष्टी, सत्तरी, तिन्ही तालुक्यांत बदल्या झाल्या, ग्रामसभांची इतिवृत्तं लिहिण्यातच नोकरी गेली म्हटलं तरी चालेल. देव मानणारा माणूस आहे, सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाही, आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा, तिथली जत्रा सहसा चुकवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी मलाही मास्तरांच्या रांगेत बसवेल. माझं म्हणणं एवढंच की गावानं प्रार्थना जरूर करावी, एकत्र करावी, पण ग्रामसभेत अध्यक्षाच्या खुर्चीवरून आणि पंचायतीच्या माईकवरून ती होऊ नये, आणि निवडून आलेल्या पंचाने तर ती चालवूच नये.

आधी कायदा, कारण लोक दोन्ही बाजूंनी वाटेल ते ठोकून देतात. 'सरकारी बैठकीत प्रार्थना करू नये' असं वाक्य घटनेत कुठेही नाही, त्यामुळे मास्तरांनी 'बेकायदेशीर' असा शब्द लिहिला असेल तर तो जरा जास्तच झाला. पण 'बहुमत आहे म्हणजे चालतं' असंही नाही. कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, त्यात प्रार्थना करायचं स्वातंत्र्य आलं तसं न करायचंही आलं. कलम २८ शाळांबद्दल आहे, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, मूल असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. कलम २७ लोक उगाच ओढून आणतात, ते कराबद्दल आहे, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर भरायला लावता येणार नाही असं, त्याचा ग्रामसभेतल्या दोन मिनिटांच्या श्लोकाशी थेट संबंध जोडायला जाऊ नका, समोरचा वकील असेल तर तिथेच तुम्हाला पकडेल.

निकाल बघायचे तर दोन लक्षात ठेवा. १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला, केरळातला. यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, शाळेनं त्यांना काढून टाकलं, सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर हे असेल तर श्लोकाच्या बाबतीत काय वेगळं असणार. दुसरा आपल्या जवळचा, नाशिकच्या एका शिक्षकाचा. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडत नव्हते म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली, २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की हात जोडायची सक्ती करता येणार नाही. गोव्याचं खंडपीठ याच उच्च न्यायालयाचं, तेव्हा हा निकाल आपल्याला लांबचा नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा २०१९ च्या जानेवारीत कोर्टानं ते मोठ्या पीठापुढे जावं असं म्हटलं होतं, म्हणजे प्रश्न किरकोळ नाही हे कोर्टालाही वाटलंच. उलट बाजूचाही एक सांगतो, नाहीतर मी एकांगी होईन. गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन झालं, त्याविरुद्ध एकानं याचिका केली, २०११ मध्ये कोर्टानं ती फेटाळली आणि वर २० हजारांचा दंडही बसवला. तेव्हा सरकारी जागेत नारळ फोडला की घटना मोडली असा सरळ हिशोब नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती शाळेच्या पुस्तकात येत नाही. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालू होती, आपण गोंयकार तेव्हा अजून पोर्तुगीजांखाली. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करू या. सभागृहात बहुतेक सगळे देव मानणारेच बसले होते, अध्यक्ष राजेंद्र प्रसाद तर किती श्रद्धाळू ते सगळ्यांना माहीत आहे. तरी विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांचा मुद्दा देव आहे की नाही हा नव्हताच, श्रद्धा ज्याच्या त्याच्या मनाची, ती सगळ्यांच्या वतीनं एकत्र कशी जाहीर करणार, हा होता. अध्यक्षांनी कामतांना सुचवून बघितलं की मतदानाचा आग्रह धरू नका, कामत थांबले नाहीत, मतं मोजली गेली, बाजूनं ४१, विरोधात ६८. आणि घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री-आमदारांच्या शपथेचे दोन पर्याय ठेवले, ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. ज्याला देवाचं नाव घ्यायचं त्यानं घ्यावं, ज्याला नको त्यानं घेऊ नये, आणि दोघांची शपथ सारख्याच वजनाची. माणूस स्वतःपुरतं निवडतो, सगळ्या सभागृहाच्या वतीनं कोणी निवडत नाही. मला विचाराल तर ग्रामसभेचा सगळा उलगडा यातच आहे.

बाहेरच्या देशांत यावर खूप डोकेफोड झालीय आणि त्यातले तपशील आपल्याला कामाचे आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ग्रीस नावाचं एक शहर आहे, तिथल्या टाऊन बोर्डानं १९९९ पासून महिन्याच्या सभेआधी स्थानिक पाद्रींना बोलवून प्रार्थना सुरू केली. नियम सगळ्यांना खुला, पण प्रत्यक्षात वर्षानुवर्षं येणारे बहुतेक सगळे ख्रिश्चनच. दोन बायकांनी, त्यात एक ज्यू आणि एक निरीश्वरवादी, तक्रार केली, मग बोर्डानं घाईघाईनं एक ज्यू, एक बहाई असे काही बोलावले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी प्रार्थनेला परवानगी मिळाली. बहुमताचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्या. केनेडींनीही सांगितलं की बोर्डानं लोकांना भाग घ्यायला फर्मावलं, न घेणाऱ्याला वेगळं काढलं, तर मामला वेगळा होईल. आणि विरोधी मत लिहिणाऱ्या न्या. केगन यांचा मुद्दा वाचताना मला आमच्या पंचायतीचा हॉलच डोळ्यांपुढे आला. त्यांचं म्हणणं असं की विधिमंडळात सभासद आपसात बसलेले असतात, इथे साधा नागरिक आपलं काम घेऊन बोर्डापुढे उभा असतो, त्याला त्या क्षणी दुसऱ्याच्या धर्माची प्रार्थना म्हण किंवा सगळ्यांसमोर वेगळा पड, असं करायला लावणं बरोबर नाही.

त्यानंतर प्रश्न आला तो अगदी तुमचाच, प्रार्थना म्हणणारा कोण. नॉर्थ कॅरोलिनातल्या रोवन काउंटीत पाद्री नव्हे तर निवडून आलेले कमिशनर स्वतःच प्रार्थना म्हणायचे, लोकांना उभं राहायला सांगायचे, आणि प्रार्थना जवळजवळ सगळ्या एकाच धर्माच्या. २०१७ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं हे घटनेविरुद्ध ठरवलं. त्याच वर्षी मिशिगनमधल्या जॅक्सन काउंटीच्या जवळपास तशाच प्रकरणात दुसऱ्या अपील कोर्टानं उलट निकाल दिला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं रोवनचं प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे तिथेही एकमत नाही, पण गाडी अडली कुठे ते बघा, निवडून आलेल्या माणसाच्या तोंडावर. भटजी किंवा पाद्री आला तर तो त्याच्या धर्माचा माणूस म्हणून येतो. पंच उभा राहिला की पंचायत उभी राहते.

कॅनडात क्वेबेकमधल्या सागने शहरात महापौर सभेच्या सुरुवातीला छातीवर क्रॉसची खूण करून प्रार्थना म्हणायचे. तक्रार झाल्यावर त्यांनी ठराव करून असं ठरवलं की प्रार्थना आधी, मग दोन मिनिटं थांबायचं, मग सभा अधिकृतपणे सुरू, म्हणजे ज्याला नको त्यानं त्या दोन मिनिटांत आत यावं. २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं हे बंद केलं. ही दोन मिनिटांची युक्ती तुमच्या सरपंचांनाही कोणीतरी सुचवेलच, मला अनेकांनी सुचवली होती, म्हणून मुद्दाम सांगतो, ती करू नका. प्रार्थना संपेपर्यंत जो माणूस बाहेर व्हरांड्यात उभा राहतो आणि मग सगळ्यांच्या नजरेसमोरून आत येतो, त्याला तुम्ही सूट दिली नाही, ओळख परेड करायला लावली. इंग्लंडमध्ये बिडफर्ड गावच्या कौन्सिलचंही असंच प्रकरण झालं, २०१२ मध्ये हायकोर्ट म्हणालं की सभेच्या औपचारिक कामकाजात प्रार्थना घालायचा अधिकारच कायद्यानं कौन्सिलला दिलेला नाही, मग २०१५ मध्ये संसदेनं कायदा करून तो अधिकार दिला. सचिव म्हणून मला यातली एक गोष्ट पटते, भांडण शेवटी विषयपत्रिकेवर आणि इतिवृत्तात काय लिहिलंय यावरच येतं.

आता हे सगळं बाजूला ठेवून आपल्या हॉलमध्ये या. सासष्टीतल्या एका पंचायतीत मी सचिव होतो, गावाचं नाव घेत नाही. ग्रामसभा रविवारी, मिस सुटल्यावर लोक थेट चर्चमधून आलेले, बायका मिसच्याच कपड्यांत, पुढच्या दोन रांगा भरलेल्या. अध्यक्षांनी माईक घेतला आणि कोंकणीत 'आमच्या बापा' सुरू केलं, सगळा हॉल उठला. मागे खिडकीपाशी एक म्हातारे भंडारी गृहस्थ बसले होते, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद, त्यांच्या घराची पारंपरिक वाट शेजाऱ्यानं गडगा घालून बंद केली होती आणि ते प्रकरण त्या दिवशी चर्चेला येणार होतं. ते आधी बसूनच राहिले, मग आजूबाजूला बघून अर्धवट उठले, खुर्चीचा हात धरून तसेच वाकून उभे राहिले, ना बसलेले ना उभे. प्रार्थना संपली. तासाभरानं त्यांचा विषय आला, पंचायतीनं जागेची पाहणी करायचं ठरवलं, नियमाप्रमाणे, कोणी काही वावगं केलं नाही. पण बाहेर पडताना त्यांनी मला हळूच विचारलं, "सायबा, हांव बेगीन उठूंक ना म्हणून कितें जावचें ना मरे?" म्हणजे, मी लगेच उठलो नाही म्हणून काही होणार नाही ना? मी म्हटलं काही होणार नाही. ते मान हलवून गेले, पण त्यांना ते पटलं नव्हतं हे मला दिसत होतं.

पंचायतीनं त्यांच्यावर काहीच अन्याय केला नव्हता. पण पंचायतीपुढे आलेल्या माणसाच्या मनात ही शंका येणं हेच नुकसान आहे, आणि ते इतिवृत्तात कुठेच दिसत नाही. हेच सत्तरीत उलटं बघितलं, गणपतीचा श्लोक चालू आणि नळाच्या कनेक्शनसाठी आलेला मुसलमान पोरगा दाराच्या चौकटीला टेकून मोबाईलमध्ये बघतोय असं दाखवतोय. कोणी त्याला काही बोललं नाही. बोलायची गरजच नसते.

म्हणून मी एकच कसोटी लावतो. समोर बसलेला माणूस तिथे स्वखुशीनं आलाय की गरजेनं? देवळात, चॅपलमध्ये, दर्ग्यात स्वखुशीनं येतो. ग्रामसभेत घरपट्टी, वाट, गटार, ना हरकत दाखला, बांधकाम परवाना यासाठी येतो, आणि हे सगळं देणारी दुसरी कुठली पंचायत त्याला निवडता येत नाही. जिथे माणूस उठून जाऊ शकत नाही तिथे त्याच्याकडून देवाच्या नावानं उभं राहायची अपेक्षा करू नये.

कोणी म्हणेल की गोव्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे देव मानत आलो, इथे असले शहरी वाद कशाला. हे मला मनापासून मान्य आहे आणि याच कारणासाठी मी हे लिहितोय. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, हिंदू माणूस तिच्या फेस्ताला तेल घेऊन जातो. फातर्प्याच्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकारणीच्या छत्र्यांच्या उत्सवात ख्रिस्ती घराणीही असतात. शिवोलीच्या जागोरात, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यात, दोन्ही समाज एकाच मांडावर. पेडण्यात, डिचोलीत देवळासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणत हुंकार देतो, अंगावर काटा येतो. पण यातलं एकही पंचायतीच्या नोटिशीनं चालत नाही. सचिवानं सही करून 'सर्व मतदारांनी उपस्थित राहावे' असं लिहून कोणी लईराईच्या होमकुंडावर बोलावलेलं नाही. लोक आपल्या पायांनी जातात म्हणून तो गोडवा टिकलाय.

आणि सत्तेनं प्रार्थना हातात घेतली की काय होतं ते गोव्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात मंगेश कुठ्ठाळीहून गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, नदीपलीकडे, अंत्रुज महालात म्हणजे आजच्या फोंड्यात, कारण तेव्हा राज्य आणि धर्म एकाच खुर्चीत बसले होते. इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मध्ये थोडा खंड सोडला तर अडीचशे वर्षं. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, १९११ मध्ये चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा झाला, तेव्हा कुठे इथल्या हिंदूंना शाळा, नोकरी, सार्वजनिक जीवन यात मोकळा श्वास मिळाला. हे मी आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना ऐकवायला सांगत नाही, त्यांचा यात काहीच दोष नाही आणि इन्क्विझिशननं त्यांच्याही पूर्वजांना सोडलं नव्हतं. सांगतो आपल्याला, हिंदूंना, कारण आज आकडा आपल्या बाजूनं आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५, मुसलमान ८ च्या आसपास. पण जुवारी ओलांडून सासष्टीत गेलात की चित्र पालटतं, काही गावांत तर पूर्ण उलटं. सत्तरीत 'बहुमताची प्रार्थना' म्हणून जो नियम कराल तोच सासष्टीतल्या तुमच्या मामेभावाला लागू होणार. दोन्हीकडे चालेल असा नियम करा, मग तो न्याय्य आहे की नाही ते आपोआप कळेल.

सर्वधर्म प्रार्थनेचा पर्याय तुमच्याकडे कोणीतरी मांडलाच आहे. दिसायला छान, मोठ्या समारंभात होतेही, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला २०२३ मध्ये झाली. पण दर तीन महिन्यांच्या ग्रामसभेत ती टिकत नाही. पहिल्या वेळी भटजी, फादर, मौलवी तिघेही येतात, फोटो निघतात. पुढच्या वेळी फादरांचं दुसरीकडे मिस, मौलवींना कोणी फोन केलेला नाही, उरतं ते गावात ज्यांची संख्या जास्त त्यांचंच. अमेरिकेतल्या त्या ग्रीस शहरात हेच झालं. आणि मास्तरांसारखा जो कुठल्याच रांगेत नाही त्याचं काय? गांधीजींची गोष्ट इथे आठवते. एप्रिल १९४७, दिल्लीतल्या त्यांच्या प्रार्थनासभेत कुराणातला भाग म्हणायला काहींनी हरकत घेतली. तो भाग गाळून बाकीची प्रार्थना म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, आणि हरकत घेणाऱ्याला गर्दीच्या जोरावर गप्प बसवणंही मान्य नव्हतं, त्यांनी त्या वेळी प्रार्थनाच केली नाही. ही त्यांची स्वतःची सभा, लोक प्रार्थनेसाठीच आलेले, तिथे एवढी काळजी. मग ग्रामसभेत एका मास्तरांच्या पत्राला 'नास्तिक आहे, सोडा' म्हणून केराची टोपली दाखवायची?

सभेला काहीतरी गंभीर सुरुवात हवी ही सरपंचांची भावना मात्र मी हलक्यात घेत नाही. ती खरी आहे. लोक बोलत आत येतात, खुर्च्या ओढतात, आल्या आल्या भांडायला उठतात, सगळ्यांना एका जागी आणणारं काहीतरी लागतंच. यासाठी आपल्याकडे आधीपासून एक गोष्ट आहे आणि ती आपण शेवटी ढकलतो किंवा उरकून टाकतो, दुखवट्याचा ठराव. मी एका पंचायतीत तो पहिल्या क्रमांकावर घ्यायची सवय लावली. मागच्या ग्रामसभेपासून गावात जे वारले त्या सगळ्यांची नावं, फक्त माजी सरपंचांची आणि भाटकारांची म्हणजे जमीनदारांची नव्हे, सगळ्यांची, वाड्यासकट वाचायची. मृत्यू नोंदणीचं रजिस्टर पंचायतीतच असतं, यादी काढायला वेळ लागत नाही. नाईक, फर्नांडिस, शेख, गावडे, कामावर आलेला परप्रांतीय मजूर असला तरी त्याचं नाव. मग दोन मिनिटं उभं राहून मौन. त्या दोन मिनिटांत ज्याला मनात 'आमच्या बापा' म्हणायचं तो म्हणतो, ज्याला रामरक्षा म्हणायची तो म्हणतो, ज्याला काहीच म्हणायचं नाही तो आपल्या शेजाऱ्याची आठवण काढतो. कोणाला अर्धवट उभं राहावं लागत नाही. हॉलमध्ये जी शांतता होते ती माईकवरच्या श्लोकानं कधी झालेली मी बघितली नाही. त्यानंतर हवी तर संविधानाची उद्देशिका वाचा, एखाद्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या, छान वाटतं.

समई, नारळ, रस्त्याच्या हॉटमिक्सिंगचा शुभारंभ, हॉलचं उद्घाटन, याला मी ग्रामसभेचं माप लावत नाही. तो समारंभ, यायचं तर या, कोणाचं काम तिथे अडलेलं नसतं, आणि गोव्यात भटजींनी नारळ वाढवल्यावर फादरनी आशीर्वाद देणं लोकांना आवडतं. फक्त दक्षिणा आणि पूजेचं सामान पंचायत निधीतून घालू नका, हौसेनं देणारे गावात खूप असतात. ऑफिसातल्या सत्यनारायणाबद्दल एवढंच, वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि त्या दिवशी खिडकी बंद ठेवून दाखल्यासाठी आलेल्याला परत पाठवू नका.

आता तुम्ही काय करायचं. सरपंचांशी एकट्यानं बोला, ग्रामसभेत नको, तिथे त्यांना माघार घेता येणार नाही. 'मास्तर म्हणतात म्हणून' असं तर बिलकुल सांगू नका, सांगा की मी पंच आहे, माझ्या प्रभागातल्या सगळ्यांची आहे, माझ्या तोंडून एका धर्माची प्रार्थना आली की ती पंचायतीची होते, ते मला नकोय. दुखवट्याचा पर्याय सोबत घेऊन जा, नुसतं नाही म्हणाल तर तुमच्यावरच देवाला विरोध केल्याचा शिक्का बसेल. सचिवांना विनंती करा की पुढच्या नोटिशीत विषयपत्रिकेवर पहिला विषय दुखवटा, दुसरा मागच्या इतिवृत्ताचं वाचन, एवढंच छापा, प्रार्थना बंद केली असा ठराव वगैरे घेऊ नका, ठराव घेतला की मतदान आलं आणि मतदान आलं की गाव फुटला.

मास्तरांच्या पत्राला मात्र लेखी उत्तर द्यायला लावा, दोन ओळींचं, सभ्य, की पत्र मिळालं, पुढील ग्रामसभेपासून सुरुवात दुखवट्याच्या ठरावानं होईल. आणि जमलं तर तुम्ही स्वतः जाऊन त्यांना भेटून या, गावात ते एकटे पडलेत आणि त्यांनी पत्र लिहून तुमचं काही वाईट केलेलं नाही.

तुमचा आवाज वाया जाऊ देऊ नका. ग्रामसभा रविवारी सकाळी दहाला असेल तर साडेआठला देवळात भजन ठेवा, ज्यांना यायचं ते येतील, चॅपलमधून मिस सुटलेलेही दहापर्यंत पोचतील. भजनाची सूचना पंचायतीच्या बोर्डावर किंवा पंचायतीच्या ग्रुपवर टाकू नका, देवळाच्या फळ्यावर लिहा. आणि हॉलमध्ये येताना गळ्यातला टाळ गाडीतच ठेवा.